दोन कणग्यांचा उन्हाळा

समोर बशी आली की माणसानं आधी सांगावं, बाई, तुम्ही ज्याची वाट पाहताय तो मी नव्हे. चिंतामणीनं सांगितलं नाही. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा वाढले तेही खाल्ले, वर पापड मागून घेतला, आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला खाली मान घालून उत्तर दिलं. तरण्या पोरानं असं वागावं का, तुम्हीच सांगा.

झालं असं. ज्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्याच्या पुढचा हा वैशाख. माझी नात मीनाक्षी निर्मलच्या होस्टेलातून सुट्टीला घरी आली होती. तिला पाहायला मुधोळचे माणिकराव आपल्या मुलाला घेऊन येणार होते. सकाळीच ओसरी धुऊन, बाजेवर नवी चादर घालून मी वाटेकडे डोळे लावून बसले. तलमडुगूच्या रस्त्यानं धूळ उडवत एक जीप आली. उतरल्या एक चष्म्यातल्या बाई, आणि त्यांच्यामागे उंच, सावळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा. लग्नसराईत इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या गावात दुसरं कोण येतं?

बाईंना माझ्या सुना रीतीप्रमाणे आत घेऊन गेल्या. पोराला मी बाजेवर बसवलं.

"वाटेत तरास नाई झाला?"

"नाही आजी."

"काय करता तुमी?"

"संशोधन. सोंड्यांवर... धान्यात ते काळे किडे असतात ना, ते."

मी म्हटलं, असेल. हल्ली कशावरही माणूस नेमतात.

"आन् पगार?"

"मिळतो. पण उन्हाळ्यापुरताच."

"मंग पावसाळ्यात काय?"

"पावसाळ्यात..." तो घाम पुसत म्हणाला, "परीक्षा."

माणिकरावांनी असलं स्थळ आणलंच कसं, असा विचार करत होते, तेवढ्यात मीनाक्षी चहा घेऊन आली. आईची हिरवी साडी, खाली नजर. त्यानं वर पाहिलं — आणि चमचा तोंडाजवळच थांबला. पायाशी ठेवलेली त्याची पिशवी कलंडली. काचेची एक बाटली घरंगळत थेट माझ्या नातीच्या पायापाशी गेली. आत सोंडे वळवळत होते. दुसरी पोरगी किंचाळली असती. हिनं बाटली उचलून उजेडात धरली.

"हे पाळता तुम्ही?"

"मोजतो."

"मोजून झाले की?"

"की... पुन्हा मोजतो."

ती अशी हसली की चहा बशीत सांडला. आणि त्या सांडलेल्या चहाकडे तो पोरगा असा बघत राहिला, जणू आकाशातून काही पडलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. खरे माणिकराव! त्यांनी बाजेवर बसलेलं पोरगं पाहिलं, हातातली बशी पाहिली, चहा देणारी मुलगी पाहिली.

"आमच्या आधी नंबर लागला वाटते कोनाचा," एवढं म्हणून ते पाणीसुद्धा न घेता परत फिरले.

मागून माझा लेक यशवंत शेतातून धापा टाकत आला. "माय, काल सांगणारच होतो... कॉलेजच्या मॅडम येणार म्हणून..." यशवंताला केवढ्या मिशा! पण माझ्यापुढं त्याची जीभ वळत नाही. आमच्या घरात कोणाचीच वळत नाही. घर चालवायचं तर असंच पाहिजे.

मी पोराकडे वळले. "तुले कळलं नव्हतं?"

"कळलं होतं आजी. त्या चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा."

"मंग बोलला काऊन नाई?"

त्यानं पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं, "बोललो असतो तर... त्या आत गेल्या असत्या."

स्वयंपाकघराच्या दारामागं कोणीतरी फिसकन हसलं. किणकिणलेल्या बांगड्या मीनाक्षीच्याच होत्या.

चष्म्यातल्या बाई म्हणजे कुमुदिनी मॅडम, आदिलाबादच्या एका कॉलेजात शिकवतात. त्यांनी मला नीट समजावलं. कॉलेजला उन्हाळ्यासाठी निधी मंजूर होतो. एकेका मास्तराच्या हाताखाली दोन-दोन पोरं, दोन महिने, पुस्तकातलं नाही तर खरंखुरं संशोधन. पोरांना महिन्याचे पैसेही मिळतात. मॅडमना बघायचं होतं, जवारी कशात ठेवली तर सोंडे कमी लागतात. मी धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालते. भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ बयनाबाई राहते, ती गोवऱ्यांची राख घालते. बी एकच, गाव एकच. दोन्ही कणग्यांतली जवारी दर आठवड्याला काढून बघायची होती.

"माझ्यासोबत दोन विद्यार्थी होते," मॅडम म्हणाल्या. "एकीचं लग्न ठरलं, ती गळाली."

"मी करते," दारातून आवाज आला. मीनाक्षी. साडीचा पदर खोचलेला, हात अजून पिठाचे.

मी डोळे वटारले. पण खरं सांगते, मला मोह झाला. वाटणी झाल्यापासून बयनी साऱ्या गावाला सांगत फिरते, राखेसारखं काही नाही. आता शिकलेली माणसं येऊन मोजणार, म्हणजे तिचं नाक आपोआप खाली येणार. मी म्हटलं, करा. माणिकरावांनाही निरोप धाडला, चूक झाली, उन्हाळा सरला की या.

मग काय विचारता! बाहेर अंगाची लाही होतेय, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि माझ्या कोठारात थंडगार अंधार. काचेच्या कौलातून उन्हाचा एक पट्टा सुपावर पडलेला. सुपाच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला ती. मी दाराबाहेर बाजेवर डोळे मिटून पडलेली. कान काही मिटता येत नाहीत.

"एक तुमच्या बोटावर चढलाय."

"कुठं?"

"थांबा... हलू नका..."

मग कितीतरी वेळ आवाज नाही. बोटावरचा एक सोंडा काढायला किती वेळ लागतो हो? मी खोकले.

पुढच्या खेपेला त्यानं भिंग आणलं. सोंडा बघायचा सोडून हा भिंगातून तिचा डोळा बघतोय.

"काय दिसतं?"

"मोठं संकट."

"मग पळा."

"बस संध्याकाळी आहे..."

कधीतरी त्यांचं 'अहो' गेलं आणि 'ए' आलं. कोणत्या दिवशी गेलं ते त्यांनाही कळलं नसेल, मला कळलं. त्या दिवशी मी बाज दारापासून हातभर लांब सरकवली.

महिना झाला, आणि एका दुपारी कुमुदिनी मॅडम उतरल्या चेहऱ्यानं आल्या. काम बंद करावं लागणार. निधी जुन्या जिल्ह्याच्या नावानं मंजूर झालेला. आता तो चार जिल्ह्यांत वाटायचा, आणि वाटणी होईपर्यंत कोणाच्याच हातात यायचा नाही. पोरांचे पैसे नाहीत, गाडीभाडं नाही, बाटल्या नाहीत.

मीनाक्षीनं सूप खाली ठेवलं. चिंतामणी आपल्या चपला शोधायला लागला आणि त्याला त्या सापडेनात. पायातच होत्या.

वाटणी म्हणजे काय, ते मला कोणी शिकवू नये. आमची झाली तेव्हा एका जात्यासाठी दोन पावसाळे गेले.

"किती लागतात?" मी विचारलं.

"आई, अहो तुम्ही कशाला —"

"माझी कणगी, माझी जवारी, माझी नात. मंग पैसा परक्याचा काऊन?" भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस मी दुसऱ्याच दिवशी इचोड्याच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. "पण एक आहे मॅडम. शेवटी सगळ्या कॉलेजासमोर सांगायचं, जयवंताबाईची कणगी सगळ्यात चांगली."

मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "आई, निकाल काय येईल ते आधी नाही सांगता येत."

"मले येते."

चिंतामणी त्या दिवशी इतका आनंदात होता की जाताना बयनाबाईच्याही पाया पडला. त्या बयनीच्या!

काम संपत आलं तशी कोठारातली कुजबुज बदलली. हसू कमी झालं. एका दुपारी मी पडले होते, आणि आतून त्याचा आवाज आला, अगदी बारीक.

"पुन्हा मोजलं. तेच येतंय."

"येणारच. मीही मोजलं."

"मीनाक्षी... राखेची शेवटची बाटली फुटली असं म्हणायचं का? आधीच्या आठवड्यांत फार फरक नाही, मग दोन्ही सारखेच दिसतील. तुझ्या आजीचं मन राहील."

"आणि?"

"आणि काय! खरं सांगितलं तर ती मला दारात उभं करणार नाही. मुधोळवाले येऊन बसतील. तुला कळतंय का, मी काय घालवून बसेन?"

माझी नात म्हणाली, "खोटं सांगितलंस, तर मी उभं करणार नाही."

म्हणजे बयनीची राख जिंकली! बाजेवर पडल्या पडल्या मला घाम फुटला. उठून दोघांना हाकलावं असं वाटलं. पण मी उठले नाही. म्हटलं, बघू या. आता या पोराच्या तोंडातून निघतं काय ते बघू या.

निकाल सांगायच्या शेवटच्या कार्यक्रमाला कॉलेजात जायचं होतं. बयनीला मीच आधी थाटात निमंत्रण दिलेलं, आता नाही कसं म्हणणार? ती पैठणी नेसून जीपमध्ये माझ्या शेजारी बसली. वाटेत चहाला थांबलो, तेव्हा मी चिंतामणीला बाजूला घेतलं. मुद्दाम घेतलं.

"माणिकरावाचा निरोप आला. उद्या उत्तर मागते. आज माझं नाव झालं, तं मी मुधोळले नाई म्हणून टाकीन. समजलं?"

तो पिवळा पडला. "समजलं आजी." त्याचा चहा तसाच राहिला. जीपमध्ये मीनाक्षी बाहेर बघत बसली होती, आणि तो तिच्या वेणीकडे.

हॉल भरलेला. मास्तर, पोरं, वर गरगरणारे पंखे. चिंतामणी उभा राहिला. सोंडे किती जातींचे, कणगी कशी विणतात, सगळं भराभरा बोलला. मग म्हणाला, "दोन्ही कणग्यांत जवारी एकच होती. आणि कडुनिंबाच्या पाल्याच्या कणगीत..."

थांबला. पाणी प्यायला. माझ्याकडे पाहिलं. मी दगडासारखी बसले होते. मग त्यानं मीनाक्षीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी. नुसती एक भुवई वर...

"...जास्त सोंडे निघाले," तो म्हणाला. आवाज फाटला, पण म्हणाला. "राखेच्या कणगीत निम्म्याहूनही कमी. पाला वाळला की त्याचा उपयोग संपतो, असं आम्हाला वाटतं. निधी थांबला तेव्हा हे काम जयवंताबाईंनी स्वतःच्या पैशानं पुरं करवलं. त्या नसत्या तर आम्हाला काहीच कळलं नसतं. पण निकाल बयनाबाईंच्या बाजूनं आहे."

टाळ्या झाल्या. बयनीनं पदर सावरून चारी दिशांना असं पाहिलं, जणू नवा जिल्हा तिच्याच नावानं निघाला.

बाहेर चिंचेच्या सावलीत मी उभी राहिले. तो आला. मागं मीनाक्षी, डोळे भरलेले, मान मात्र ताठ. कुमुदिनी मॅडम काही बोलायला पुढं झाल्या, मी हातानंच थांबवलं.

"आजी, रागावलात?" त्यानं विचारलं.

"रागावले."

"मी... मी येतो मग."

"कुठं चालला? उभा राय. आन् ऐक. माझ्याच पैशानं, माझ्याच जावेसमोर, भरल्या सभेत तू माझी कणगी खाली पाडली. पोट्टी हातची जाईल हे तुले मालूम होतं, तरी पाडली. घरात लेक हाय, सुना हाय, गडी हाय, सगळे मले हो म्हणतात. नाई म्हणणारा एक बी नव्हता. मुधोळले मी आजच उत्तर धाडते. तू आधी मॅडमच्या हाताखाली पुरं शीक, हिलेही शिकू दे, आन् मंग बापाले घेऊन माझ्या दारात ये. नातजावई म्हणून पसंत हायस तू मले. पण एक सांगून ठेवते बाबा... यापुढं मले नाई म्हणायचं असन, तं घरात म्हण. बयनीसमोर नाई!"