डाव्या अंगठ्याची साक्ष

माणसाकडं न बघता माणसाचं काम कसं करावं, हे शिकायचं असेल तर रेणुकादासकडं यावं. नांदेडमधल्या एका कचेरीत, नाव कशाला घ्या, तीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेला हा गडी. माजी सैनिकांचे अर्ज त्याच्या टेबलावरून पुढं सरकायचे. समोर येणाऱ्याचे तो फक्त हात बघायचा, कारण कागद हातात असतात. "तोंड बघून काय करू? त्यावर थोडाच शिक्का मारायचाय?" असं म्हणून स्वतःच हसायचा. शिपाई भागवतही हसायचा, पण पगारापुरता.

मे महिन्यातली दुपार होती. साडेबारा वाजलेले, लाईट गेलेली, कूलर बंद. टेबलावर कंधार तालुक्यातल्या श्रीमंत घोरबांड नावाच्या माजी नाईकाची फाईल होती. चोवीस वर्षांपूर्वी काश्मीरच्या सीमेवर त्याच्या चौकीवर हल्ला झाला, त्यात तो जखमी झाला. शत्रूच्या हातून जखमी झालेल्या जवानाला पराक्रम पदक देतात. याला मिळालं नाही, कारण कुण्या शहाण्यानं घाईघाईत कागदावर लिहून ठेवलं, 'स्वतःच्या हलगर्जीपणामुळे इजा.' झालं! चोवीस वर्षं गावातली रिकामटेकडी पोरं त्या एका शब्दावर माणसाला चिडवत आली. पेन्शन होती, चार एकर रान होतं, खायला कमी नव्हतं. त्याला फक्त तो शब्द खोडून पाहिजे होता. दोनदा अर्ज फेटाळला गेला होता. हे अपील शेवटचं, आणि त्याला डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराचा जबाब लागत होता.

रेणुकादासनं फाईलचं पहिलं पान वाचलं. दुसरं वाचायची त्याची रीत नव्हती.

"पराक्रम म्हणे!" तो पुटपुटला. "आम्ही इथं तीस वर्षं घाम गाळतोय, आमच्या छातीवर कोण पदक लावतंय? भागवत, साक्षीदार असेल तर पाठव रे आत."

बुटांचा आवाज आला. जड, सावकाश. टेबलाच्या पलीकडं थांबला. कागदांवर सावली पडली आणि वास आला… भिजलेल्या घोंगडीचा, त्यात जळल्यासारखं काहीतरी. मे महिन्यात, नांदेडच्या उन्हात, भिजलेली घोंगडी! रेणुकादासनं नाकाला रुमाल लावला. मान मात्र वर केली नाही.

"नाव?"

"विरूपाक्ष."

"राहणार?"

"उदगीरकडला…"

"सही येते का? नसंलच येत. आणा डावा अंगठा."

पंजा पुढं आला. रेणुकादासनं त्याचा अंगठा पकडला, शाईच्या पॅडवर दाबला, फाईलीतल्या तयार जबाबाच्या खाली गोल फिरवून उठवला. अडाणी माणसाचा अंगठा तो नेहमी असाच धरायचा, बाजारात वांगं दाबून बघावं तसा. मग वर्षानुवर्षं लिहीत आला तीच ओळ लिहिली, 'साक्षीदार माझ्यासमक्ष हजर झाला, ओळख पटली.' सही ठोकली.

"जा आता."

जाताना बुटांचा आवाज झाला नाही. पण ते लक्षात घ्यायला त्याला वेळ कुठं होता? डबा उघडायचा होता.

ऑगस्टात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. ते वाचून रेणुकादासच्या हातातला चहा बशीत सांडला. पत्रात दोनच गोष्टी होत्या. साक्षीदार विरूपाक्ष त्याच हल्ल्यात, त्याच रात्री मरण पावलेला आहे. आणि जबाबाखालचा अंगठा तपासला असता तो खुद्द अर्जदार श्रीमंत घोरबांड याचा निघाला, भरतीच्या वेळच्या ठशाशी तंतोतंत जुळला. आपण 'समक्ष हजर, ओळख पटली' असं कशाच्या आधारे लिहिलं, याचा आठ दिवसांत खुलासा करावा.

रेणुकादासची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. आता सगळं मुसळ केरात जाणार!

"हरामखोर!" तो ओरडला. "मेलेल्याच्या नावानं स्वतःचाच अंगठा देऊन गेला! ह्याला फौजी म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कंधारच्या एसटीत बसला. तिथून जीपनं गाव गाठलं. श्रीमंतकडून 'मी फसवलं' असं लिहून घ्यायचं, एवढंच डोक्यात. म्हणजे अपीलही गेलं आणि आपणही सुटलो. त्या माणसाचं काय होईल? होईना का काहीही.

अंगणात केवळाबाई, श्रीमंतची बायको, तूर पाखडत होती. तिनं पाण्याचा तांब्या दिला. रेणुकादासनं तो खाली ठेवला आणि आत तोंड करून ओरडायला सुरुवात केली. लबाड, तोतया, चारशेवीस, जे सुचेल ते. श्रीमंत गोठ्यातून बाहेर आला. उंच, सुकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. शिव्या संपेपर्यंत मुकाट उभा राहिला.

"झालं का बोलून?" त्यानं विचारलं. "मी कवा अंगठा दिला, साहेब? मी तर भायेरच बसून व्हतो. चार वाजता शिपाई म्हनला, झालं तुमचं काम, जावा घरी."

"खोटं! मी स्वतः धरला अंगठा. ह्या हातानं! डावा अंगठा!"

केवळाबाईचं सूप थांबलं. श्रीमंतनं डावी बाही वर केली. मनगटाच्या पुढं काहीच नव्हतं. जुनी, गुळगुळीत झालेली गाठ होती नुसती.

"दुसऱ्या पानावर लिव्हलंय की, साहेब," तो म्हणाला. "वाचलं न्हाई व्हय तुमी?"

रेणुकादास ओट्यावर टेकला. ठेवलेला तांब्या त्यानं आता उचलला आणि घटाघट प्यायला.

"मग साक्षीदार म्हणून मेलेल्याचं नाव काहून टाकलं?"

"तितं दुसरं व्हतंच कोन? फारमात इचारलं, कुनी पाहिलं. त्यानंच पाहिलं. जित्ता हाय का, असं फारमात कुटंबी इचारलं न्हाई." श्रीमंतनं बाही खाली ओढली. "बाँब आत येऊन पडला. म्या डाव्या हातानं उचलला, फेकाया गेलो, अन् फुटला. ती हलगर्जी माझी! इरूपाक्ष बाजूलाच व्हता. त्यो गेला. माझा पंजा काई सापडला न्हाई. बर्फात गेला म्हनले."

"आणि खरं काय?" रेणुकादासनं नको वाटत असताना विचारलं.

"दवाखान्यातून सुटलो तसा त्याच्या गावाला गेलो, भेटाया. त्यो लिंगायत. तेंच्यात मानूस बसवून पुरत्यात, डाव्या तळव्यावर लिंग ठिवून. त्याच्या बायकोनं, गौरम्मानं, सांगितलं… डाव्या हातात लिंग दिलं. उजवी मूठ काई उघडंना. आत कुनाचा तरी पंजा व्हता, घट्ट धरलेला. जानती मानसं म्हनली, तोडून काडू. ती म्हनली, ऱ्हाऊ द्या. ज्याचा हाय त्याला ह्येच नेऊन देतील."

गोठ्यात म्हैस घंटा वाजवत राहिली.

"साहेब," श्रीमंतनं दबक्या आवाजात विचारलं, "अंगठा धरला तवा… गार व्हता का गरम?"

रेणुकादासला आठवलं. आठवायचं नव्हतं तरी आठवलं. "गरम," तो म्हणाला.

श्रीमंतचे डोळे भरून आले. त्यानं तोंड फिरवून घेतलं.

एवढ्यावर कुणाही माणसाचं काळीज हललं असतं. रेणुकादासचं नाही हललं. परतीच्या एसटीत लोहा येईपर्यंत त्याची भीती उतरली आणि मगरुरी जागेवर आली. खेडवळ भाकडकथा! कुणीतरी भाड्याचा माणूस उभा केला असेल, ठशांची काही अदलाबदल केली असेल. आपल्याला काय त्याचं? आपली पेन्शन वाचली पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी, दारातला भागवत सोडून सगळे जेवायला गेल्यावर त्यानं कोरा कागद ओढला आणि खुलासा लिहायला घेतला. 'अर्जदार श्रीमंत घोरबांड याने तोतया साक्षीदार उभा करून माझी दिशाभूल केली. सबब त्याचे अपील फेटाळून त्याच्यावर गुन्हा…'

तेवढ्यात पुन्हा तो वास आला. भिजलेली घोंगडी, जळकं काहीतरी.

कागदावर एक पंजा येऊन टेकला. डावा. मनगटाशी हिरव्या फौजी बाहीची चिंधी. 'गुन्हा' या शब्दावर तळवा सपाट बसला आणि अंगठ्यावर निळी शाई होती, ओली. रेणुकादासची मान खालीच राहिली. आयुष्यभर कंटाळ्यानं खाली राहिली होती, आज ती वर करायची म्हटलं तरी होईना. त्यानं चाचपडत दुसरा कागद ओढला आणि लिहिलं, सगळं लिहिलं. अर्जदाराला डावा हात नाही. तो हल्ल्यात गेला, हलगर्जीपणानं नाही. साक्ष घेताना मी मान वर केली नाही, चूक माझी. खाली सही केली.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो, त्याच कागदावर पुढं अपील मंजूर झालं. तो शब्द खोडला गेला, पदक कंधारला पोचलं. रेणुकादासची चौकशी लागली, ती अजून चालू आहे. लागू दे. पण त्या दुपारी सही झाल्यावरही पंजा टेबलावरून उठला नाही.

"लिहिलं… सगळं खरं लिहिलं," रेणुकादास पुटपुटला. मग कसाबसा आवाज काढून म्हणाला, "भागवत… समोर कोण आहे रे?"

"कोनी फौजी दिसतोय, साहेब," भागवत दारातून म्हणाला. "मगाधरनं उभा हाय. खुर्ची देऊ का त्याला?"

"त्याला म्हण… हात उचल… टेबलावरचा…"

भागवतचा आवाज एकदम बारीक आला.

"साहेब, त्यो तर लांब उभा हाय, कपाटापाशी. दोन्ही हात पाठीमागं बांधून."