ठमीचा काय दोष?

प्रदीप तुंगार्लीला आमच्या घरी पहिल्यांदा आला तो शिडी मागायला. शेजारच्या बंगल्यावर तो कॅमेरे बसवत होता. आणि मी? मी पडवीत बसून बंद पडलेल्या हार्डडिस्कसमोर मुळूमुळू रडत होते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा, आणि कुणाचं तरी अख्खं लग्न त्या डिस्कमध्ये अडकलेलं!

“सगळं एकाच डबीत ठेवलं व्हतं व्हय?” त्यानं विचारलं.

“मग काय शिडीवर ठेवायचं?” मी फणकारले.

तो हसला. शिडीबरोबर डिस्कही घेऊन गेला, आणि लग्न परत आणलं. पुढच्या रविवारी आला तो एक छोटी पेटी घेऊन. आत दोन डिस्क. जे एकीत, तेच दुसरीत. एक गेली तरी दुसरी सांभाळते. माझा कॉम्प्युटर, भावाचा लॅपटॉप, आईचा फोन – सगळ्यांचं सामान राउटरमार्फत त्या पेटीत जमा. इथल्या दमट हवेत खराब होऊ नये म्हणून त्यानं ती इन्व्हर्टरवरच्या कोरड्या फळीवर ठेवली. केबल कशी जोडायची ते तो समजावत होता... त्याच्या भुवईवर पावसाचा थेंब होता, आणि माझं लक्ष केबलकडे अजिबात नव्हतं.

काम संपलं. तो गेला, आणि मला घर उगाचच सुनं वाटायला लागलं.

आठवडाही झाला नसेल, पेटी कॉम्प्युटरवर दिसेनाशी झाली. मी फोन केला. उर्स्याहून, त्याच्या गावातून, तो मोटारसायकलवर भिजत आला. केबल निघालेली होती.

“मांजरीचं काम असणार,” मी म्हणाले. खिडकीत झोपलेल्या ठमीनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

मग ठमी वरचेवर केबल काढू लागली. प्रदीप येई, आई चहा टाकी, आणि तो कप रिकामा झाल्यावरही बसून राही.

काल मात्र आल्या आल्या म्हणाला, “आज एक सेटिंग करून टाकतो. मग बिघाड झाला तर उर्स्यातनंच बघता येईल. हितं यायला नको.”

“नको ना...”

“का?”

“असंच. आईला सवय झालीय तुमची.”

“आईला?”

त्यानं केबलचं टोक माझ्यापुढे धरलं. “मॅडम, हा बारका खटका बघा. बोटानं दाबल्याबिगर केबल निघत न्हाई. ठमीला दाबता येतो व्हय?”

माझे कान तापले. चोरी पकडली गेली होती. “मग – आधी का नाही बोललात?”

“बोललो असतो, तर तुमी परत बोलावलं नसतं.”

“आणि ते सेटिंग?”

“विचारून बघितलं. तुमी ‘करा’ म्हणाला असता, तर गुमान करून गेलो असतो.”

आता लपवण्यासारखं राहिलं तरी काय होतं! “मला आवडता तुम्ही, प्रदीप. खूप.”

“मला तर तुमी शिडीच्या दिवसापास्नं... यशोधरा.”

मॅडम कुठल्या कुठे गेली! मी हसतेय की रडतेय, माझं मलाच कळेना. त्यानं पिशवीतून दुसरी केबल काढली आणि पेटीला जोडली.

“जुनीला काय झालं?”

“काय न्हाई. पण हिचा खटका मोडलेला हाय,” तो ठमीकडे बघत म्हणाला. “मुद्दाम शोधून आणली. आता तिलाबी जमंल.”