नमुन्यातली मुलगी

नम्रताने हिंजवडीची नोकरी सोडली तेव्हा बिबवेवाडीतल्या अख्ख्या सोसायटीने तिला सल्ले दिले. तिने सगळे ऐकून घेतले आणि शाळांसाठीच्या एका फुकट प्रोग्रामचं मराठी करायला बसली. वारज्याचे दत्तप्रसाद त्याचं पॅकेज बांधत, म्हणजे शाळेच्या जुनाट कॉम्प्युटरवरही तो एका क्लिकमध्ये बसेल अशी सोय करत. पॅकेज बांधणारा माणूस आतला मजकूर काही वाचत बसत नाही.

प्रोग्राम गणिताचा. त्यात एक नमुन्याची विद्यार्थिनी होती, एमिली. मुलांनी गणित घातलं की ती फळ्यावर सोडवून दाखवायची. भाषांतरवाल्यांची पद्धत अशी, की परकं नाव काढायचं आणि आपल्याकडचं घालायचं. नम्रताने कौतुकाने आपल्या लेकीचंच घातलं, संस्कृती. वय वर्षं आठ, तोंडाचा पट्टा अखंड चालू, काही अडलं तरच थांबून वेणीचं टोक चावायची.

येरवड्याच्या एका शाळेत प्रोग्राम बसला आणि संस्कृती दुपारची गप्प राहू लागली. सुरुवातीला घराला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. मग ती खिडकीशी उभी राहून हवेत बोटाने काहीतरी लिहू लागली. हाक मारली तर ओ द्यायची, पण उशिरा, लांबून कुठूनतरी. प्रोग्राम आणखी शाळांत पोचत गेला तशी ती सकाळचीही हरवायला लागली. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे. नम्रताचा जीव थाऱ्यावर राहिना. आपली पोर रोज थोडी थोडी कमी होतेय, हे सांगायचं तरी कुणाला?

प्रोग्राममध्ये कुठे दोष आहे का ते बघते, असं सांगून ती एका दुपारी येरवड्याच्या त्या शाळेत गेली. कॉम्प्युटरच्या खोलीत पंखे संथ फिरत होते. पिवळ्या पडद्यांतून ऊन झिरपत होतं, गरम प्लास्टिकचा वास येत होता. मुलं पेंगुळली होती. प्रत्येक स्क्रीनवर नमुन्याची मुलगी गणित सोडवत होती. अडलं की वेणीचं टोक चावत होती. असं चित्र प्रोग्राममध्ये कुणी काढलेलंच नव्हतं.

"संस्कृती," नम्रता पुटपुटली.

सगळ्या स्क्रीनवरच्या मुलींनी मान वळवली.

तिथून ती तडक वारज्याला गेली. आजच्या आज नाव काढा आणि नवं पॅकेज बांधा, म्हणाली. दत्तप्रसादांनी शांतपणे सगळं ऐकलं. मी नाव पाहिलं असतं तर पॅकेज बांधलंच नसतं, म्हणाले. फार पूर्वी एका प्रोग्राममध्ये त्यांनीही आपल्या मुलाचं नाव घातलं होतं, सोनू. तोही असाच हरवायला लागला होता.

"मग काढलंत ना नाव?"

"काढलं. सगळ्या शाळांतून."

"आणि सोनू?"

तेवढ्यात आतून त्यांची बायको चहा घेऊन आली.

"सोनू कोण हो?" तिने विचारलं.

"जुन्या प्रोग्राममधलं एक नाव," ते म्हणाले.

ती हसली. कप नम्रताच्या हातात देत म्हणाली, "गोड आहे. आपल्याला मुलगा असता तर हेच ठेवलं असतं."