उलट्या पिळाची गाठ

मार्चमध्ये छाटणी झाली की फ्रान्समधल्या आईझ गावच्या उतारावरच्या द्राक्षवेली रडतात. कापलेल्या टोकांतून आठ-दहा दिवस पाणी गळत राहतं. त्याच दिवसांत वाळुंजाच्या झाडाच्या भिजवलेल्या, लवचिक काड्यांनी वेली तारेला बांधून घ्यायच्या. आन्सेल्म हे पन्नास वर्षं करत आला होता.

वेली ग्रँझेच्या. उशिरा पिकणारं पांढरं द्राक्ष, या खोऱ्याबाहेर फारसं कुणी लावत नाही. शेजारचा गास्पार दर वर्षी म्हणायचा, "उपटून टाक रे ही थेरडी!" पण आन्सेल्मच्या फिर्मांचा जीव होता त्या वेलींवर. एकुलता एक पोरगा. त्याला अल्जीरियाच्या लढाईवर नेलं आणि नोव्हेंबरात शिशानं बंद केलेली शवपेटी परत आली. त्याची आई फिलोमेन पेटीला हातही लावेना. "यात माझं पोर नाही," एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती रोज तिसरा वाडगा मांडायची आणि स्वतः दोन घासांवर उठायची. बाई डोळ्यांदेखत वाळत चालली होती. आता हिलाही पोचवावं लागणार, या धास्तीनं आन्सेल्मची झोप उडाली होती.

सोमवारी तो वर गेला तर सगळ्यात वरची ओळ बांधलेली.

"गास्पार, तू बांधलीस?"

"मला माझं उरकेना, तुझं कुठं करू?" गास्पारनं वाकून गाठ पाहिली आणि हसला. "पीळ उलटा आहे की! म्हातारपणी डावरा झालास काय रे? अशी गाठ गावात एकच पोरगं..."

तो मध्येच थांबला. टोपी काढून हातात धरली आणि निघून गेला.

आन्सेल्मला राग आला. असली चेष्टा करतं कोण? त्यानं चाकूनं तीन गाठी कापल्या. बाराची घंटा झाली तसा जेवायला घरी आला. परत गेला तर त्या तीन गाठी जागच्या जागी होत्या, आणि खालची दुसरी ओळही बांधून झाली होती. काड्यांच्या बादलीतलं पाणी अजून हलत होतं.

मग रोज दुपारी एक ओळ. वरून खाली, घराच्या दिशेनं.

फिलोमेन खिडकीतून मोजायची. तिची बोटं संधिवातानं इतकी वाकडी झालेली की तिला बटणही लावता येत नव्हतं. पण गालांवर रंग चढला. ती पाव मागून घेऊ लागली.

"अहो, चारच राहिल्या. मग अंगण."

"अगं, वेड्यासारखं काय बोलतेस?"

"कापू नका हं गाठी. तुम्हाला माझी शपथ."

त्यानं नाही कापल्या. कशा कापणार? ती जेवत होती.

फिर्मां सहा वर्षांचा असताना डाव्या हातानं लिहायचा. आन्सेल्मनं अख्खा हिवाळा त्याचं डावं मनगट ओल्या वाळुंजानं खुर्चीला बांधून ठेवलं होतं. वाळुंज वाळलं की आवळतं. पोरगं रडलं नाही. उजव्या हातातला चमचा थरथरायचा, सूप सदऱ्यावर सांडायचं. फिलोमेन म्हणायची, "सोडा हो त्याला." आणि आन्सेल्म म्हणायचा, "सवय लागेल."

सवय लागली. पण उजव्या हातानं त्याला कधी काही धड जमलं नाही. बंदूकही त्याच हातानं धरली असेल. हा विचार आला की आन्सेल्म पुढ्यातला वाडगा बाजूला सारायचा.

शेवटच्या ओळीच्या दिवशी तो घरी गेला नाही. बाराची घंटा झाली तेव्हा तो ओळीच्या टोकाशी उभा होता.

वारा नव्हता. सगळीकडं वेली टपटपत होत्या.

"फिर्मां," तो म्हणाला. "डाव्या हातानंच बांध रे राजा. चुकलं माझं."

काही झालं नाही.

मग पलीकडच्या टोकाची वेल गळायची थांबली. तिच्या शेजारची थांबली. मग अलीकडची. कुणी एकेका टोकावर अंगठा दाबत यावं, तशी.

त्याच्याजवळची वेल थांबली.

त्यानं मागं पाहिलं नाही. तडक घर गाठलं.

टेबलावर तीन वाडगे. तिन्हींतून वाफ निघत होती. फिलोमेन समोर बसून खात होती, चांगली भूक लागल्यासारखी. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"बसा ना," ती म्हणाली.

तो बसला. डोळे मिटून त्यानं जेवणाआधीची प्रार्थना पुटपुटली आणि चमचा उचलायला गेला. हात उठेना.

उजवं मनगट खुर्चीला बांधलेलं होतं. काडी ओली होती. पीळ उलटा.

फिलोमेन दचकली नाही. उठून आली, वाकड्या बोटांनी तिनं चमचा त्याच्या डाव्या हातात ठेवला आणि मूठ मिटवली.

"सवय लागेल," ती मायेनं म्हणाली.

सूप सदऱ्यावर सांडलं. त्यानं गाठ सोडवायला हात नेला नाही. खुर्ची चुलीला लागून होती, आणि तिथं वाळुंज लवकर वाळतं.