द्रावणातली रिकामी जागा

चिपळूणच्या लग्नाचं शूटिंग उरकून विनीत सकाळच्या गाडीने रत्नागिरीला उतरला, तो घरी न जाता थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत आला. कॅमेरा मालिनीला हवा होता. मालिनी त्याची बायको.

"नवऱ्यामुलींपेक्षा तुझ्या काचांचंच शूटिंग जास्त झालंय गो या वर्षी," तो भिंग बसवता बसवता म्हणाला.

"नवऱ्यामुली हलतात हे सगळ्यांना मान्य आहे. माझं द्रावण हलतं, हे कुणाला पटत नाही."

२००२ चा जानेवारी. खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा वास आत येत होता. मालिनी इथे रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेला सगळा जीव पीएच.डी.त ओतायची. दोन उभ्या काचा, मधे जेमतेम नाणं जाईल एवढी फट, फटीत जस्ताच्या क्षाराचं द्रावण आणि दोन्ही टोकांना जस्ताच्या पट्ट्या. वीज सोडली की एक पट्टी विरघळायची आणि दुसरीवर धातूला फांद्या फुटायच्या. बॅटरीत अशी एखादी फांदी वाढत पलीकडे टेकली की बॅटरी संपली. फांदी कुठे वाढणार हे द्रावणाचा प्रवाह ठरवतो, असं मालिनीचं म्हणणं. विरघळणाऱ्या टोकाशी ते जड होऊन खाली बसतं, दुसऱ्या टोकाशी हलकं होऊन वर चढतं आणि आतल्या आत फिरत राहतं.

प्रबंधाचे परीक्षक, पुण्याचे डॉ. यज्ञेश सहस्रबुद्धे यांना ते साफ नामंजूर होतं. एवढ्या अरुंद फटीत द्रव हलणारच नाही, असं लिहून त्यांनी तिचा प्रबंध दोनदा परत पाठवला होता. आता शनिवारी ते स्वतः बघायला येणार होते.

मालिनीने द्रावणात काचेचे धुळीएवढे मणी मिसळले, बाजूने प्रकाश सोडला आणि कॅमेरा चालू केला. संगणक लागोपाठच्या चित्रांत प्रत्येक मणी किती सरकला ते मोजायचा आणि पडद्यावर बाण काढायचा. पहिल्यांदाच सगळे बाण एका दिशेने वळले. एका टोकाला खाली, दुसऱ्या टोकाला वर. मालिनीने विनीतचा दंड इतका घट्ट धरला की तो ओरडला.

"आणि हे मधे काय?" त्याने विचारलं.

तांदळाच्या दाण्याएवढ्या एका जागेत बाण नव्हते. मणी तिथवर येत, दोन्ही बाजूंनी वळसा घालत आणि पुढे जाऊन पुन्हा एक होत. प्रवाहात रोवलेल्या काठीभोवती पाणी वळतं ना, तसं. काठी मात्र नव्हती.

"बुडबुडा असेल," मालिनी म्हणाली.

बुडबुडा नव्हता. तिने काचा बदलल्या, द्रावण नवं केलं, दुसरं भिंग लावलं. रिकामी जागा तिथेच होती, उजव्या टोकाजवळ. मालिनी उजवीकडेच बसायची. कंटाळून ती टेबलाला वळसा घालून डावीकडे आली.

विनीत पडद्याकडे बघत होता. "मालिनी, परत उजवीकडे जा बघू."

ती गेली.

"आता दाराशी."

"काय चाललंय तुझं?"

"ते तुझ्या मागनं येतंय," तो हळू आवाजात म्हणाला.

शनिवारी डॉक्टर आले. उंच, कमी बोलणारे. चहाही नको म्हणाले. मालिनीने वीज सोडली. बाण वळले, चक्र फिरू लागलं, धातूची पहिली फांदी वरच्या कोपऱ्यात फुटली. ती तिथेच फुटेल असं तिने आधी सांगितलं होतं. मग तिने काचा आडव्या केल्या. आता जड द्रावणाला खाली उतरायला वावच राहिला नाही. बघता बघता सगळे मणी थांबले.

डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"मालिनीबाई, चूक माझी होती. दोन वर्षं तुम्ही बरोबर होतात."

मालिनीने आभार मानायला तोंड उघडलं. एवढ्यात डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. थांबलेल्या मण्यांत एकाच जागी हालचाल होती. तिथले मणी सावकाश बाजूला सरत होते, वाट दिल्यासारखे. जागा आता बोराएवढी झाली होती.

"हे?"

"माहीत नाही, सर."

डॉक्टर टेबलाभोवती एक फेरी मारून आले. जागा हलली नाही. मालिनी पाण्याचा ग्लास घ्यायला वळली, तशी जागा सरकली.

डॉक्टरांनी ते पाहिलं. "वगळता येईल," ते म्हणाले.

"नाही सर. उत्तर सापडलं नाही, असं लिहीन."

ते पहिल्यांदाच हसले. "लिहा. मी सही करतो."

पदवी मिळाली. परदेशातल्या नियतकालिकात लेख आला आणि त्यात विनीतने काढलेली चित्रं त्याच्या नावासकट छापली गेली. कॉलेजने सभागृहात सत्कार ठेवला. मालिनीच्या वर्गातली मुलं बाकं बडवत होती, नाटे गावाहून आलेली तिची आई पहिल्या रांगेत डोळे पुसत होती आणि डॉक्टरांनी भर सभेत स्वतःची चूक सांगून टाळ्या घेतल्या. मालिनी ताठ मानेने बसली होती. आयुष्यात इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं घरी सत्काराची कॅसेट बघायला बसली.

"काय दिसतेस तू!" विनीत म्हणाला.

मालिनी हसली. पडद्यावर तिच्या खुर्चीच्या मागे, सरस्वतीच्या तसबिरीपाशी उदबत्त्यांचा जुडगा जळत होता. पंखे बंद होते. धूर सरळ वर चढत होता.

खुर्चीच्या पाठीपाशी तो दुभंगला.

दोन रेघा एकमेकींपासून लांब होत वर गेल्या. तिच्या डोक्याच्याही वर गेल्यावर त्या एकदम जवळ आल्या, मानेएवढं अंतर ठेवून. मग पुन्हा थोड्या फाकल्या, गोल वळल्या आणि जुळल्या.

विनीतने रिमोट उचलला, पण बटण दाबलं नाही.

पडद्यावर टाळ्या सुरू झाल्या. मालिनी उठून हात जोडत होती. तिच्या मागे धुरातला तो वरचा गोल हळूच खाली झुकला आणि तिच्या कानाशी येऊन थांबला.