दोरीचं दुसरं टोक

कापा, कापा पट्ट्या. उद्या पोरांच्या डोळ्यांवर बांधायच्या आहेत ना? कागदावर तुम्ही तिला क्षेत्रभेट म्हणा, पोरं सहलच म्हणणार. चांगला खेळ आहे, मी नाही म्हणत नाही. झाडाझाडांना दोरी बांधायची, डोळे बांधून ती धरून चालायचं, सालीवर हात फिरवायचा, मातीचा वास घ्यायचा. फळ्यावर खडू झिजवून जे कळत नाही ते तिथे कळतं म्हणतात. या शाळेची बस चालवण्यात माझे केस पांढरे झाले, तेव्हा तुमची ही भाषणं मला पाठ आहेत. पण बाई, तो दिवा जरा इकडे सरकवा आणि ऐका. ज्याच्यावर गुदरली त्यानंच मला सांगितलंय, आणि शेवटचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुमच्या आधी इथे एक सर होते. पोरं त्यांना झाडसर म्हणायची. माणूस हसरा, पण रानात गेला की शिस्तीचा. दोरीच्या खेळात त्यांचा एक नियम होता, तोंडातून शब्द काढायचा नाही. आपण बोललो की रान गप्प बसतं म्हणायचे. काही सांगायचं झालं तर दोरी ओढायची. एकदा ओढली की थांब. दोनदा ओढली की मी इथे आहे, ये.

डिसेंबरातला शुक्रवार होता. अमावास्या. दुपारी आम्ही चौथीची पोरं जुन्या दगडखाणीकडच्या रानात नेली. खेळ झाला, सरांनी पट्ट्या गोळा केल्या, मोजल्या, बरोबर भरल्या. गाडी परत आली. रात्री जेवायला बसता बसता सरांच्या लक्षात आलं, दोरी रानातच राहिली. एखादं जनावर अडकून मरायचं. बायकोला म्हणाले, "ताट झाकून ठेव, हा गेलो आणि हा आलो." आणि स्कूटर काढली.

गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर फोन वाजला. चौथीतल्या एका मुलीची आई.

"सर, ती तुमच्याकडे आहे का हो? मला वाटलं मैत्रिणीकडे थांबली. पण ती मैत्रीण म्हणते, बसमध्ये नव्हतीच."

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी पट्ट्या मोजल्या होत्या, पोरं मोजली नव्हती. आणि मुलगी कशी, तर सांगितलेलं तंतोतंत ऐकणारी. ऊठ म्हटल्याशिवाय उठायची नाही.

"मी रानाकडेच निघालोय. आणतो तिला," ते म्हणाले. "तुम्ही पोलिसांना कळवा. फोन जवळ ठेवा."

रानात पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. हाका मारमारून घसा बसला. ओ नाही. मोबाइलची बॅटरी संपत आलेली, आईचा फोन यायला हवा, म्हणून त्यांनी टॉर्च बंद केला. पहिल्या झाडापाशी चाचपडत दोरी धरली. आणि त्यांच्या डोक्यात आलं... ती ओ देणारच नाही. नियम तिला पाठ आहे. अजून डोळे मिटून बसली असेल कुठेतरी.

त्यांनी दोरी ओढली. दोनदा.

काही नाही...

मग दोरी हलली. दोनदा.

काय वाटलं असेल त्या माणसाला? रडूच फुटलं. "बाळा, खेळ संपला गं, बोल आता," म्हणत दोरी धरून पळत सुटले. एक झाड. दुसरं. तिसरं. शेवटचं झाड वाकडं होतं, तिथे त्यांनीच गाठ मारली होती. हाताला वाकडं खोड लागलं.

गाठ नव्हती.

दोरी पुढे जात होती.

घाबरली असेल, तिनंच सोडून नेली असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. उतार लागला. पायाखाली खडी. "बाळा?" दोरी तेवढी दोनदा. आणखी खाली. पुन्हा दोनदा.

बुटात गार पाणी शिरलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"सर, सापडली! मामा तिकडून चालला होता, त्यानंच गाडीवर बसवून नेली. पट्टी दिली होती तिनं दुसऱ्याच एका पोरीपाशी. सरांना सांगतो म्हणाला आणि विसरला मेला. झोपलीय त्याच्याकडे. सर?... ऐकताय ना?"

सरांचा जीव भांड्यात पडला. अर्धा क्षण.

हातातली दोरी ओढली गेली. दोनदा.

त्यांनी फोनचा उजेड पुढे धरला. खाणीतलं काळं पाणी. दोरी ताठ... पाण्यात उतरलेली.

"सर?"

त्यांचा हात आपोआप चालला. त्यांनी दोरी ओढली. एकदा.

आणि दोरी सैल पडली. ऐकलं त्यानं. कोण होतं देव जाणे, पण ऐकलं.

पहाटे सर माझ्या दारात उभे. बूट ओलेच. एकच घोकत होते, "ती सापडली, बरं झालं. पण मी त्याला थांब सांगून आलोय. आता ये कोण म्हणणार त्याला?"

उजाडल्यावर मी त्यांच्याबरोबर गेलो. दोरी वाकड्या झाडालाच संपत होती. गाठ त्यांचीच, जशीच्या तशी. पुढे उतारावर दोरीचा तुकडासुद्धा नाही. तिकडची झाडं आम्ही कधी वापरलीच नव्हती.

पण त्या प्रत्येक झाडाच्या सालीत खाच पडली होती. पोराच्या कमरेइतक्या उंचीवर. विहिरीच्या काठाला दोर घासून घासून पडते ना, तशी, गुळगुळीत, बोट बुडेल इतकी खोल. झाडामागून झाड. शेवटची खाच काठावरच्या दगडात होती, आणि तिथून पुढे पाणी.