लॉर्ना क्वालेची नाकाबंदी

ओरेस्ट पावलिक मित्राला शेवटचा निरोप देऊन, मागाहूनचं जेवण आटोपून घरी निघाला. चारच वाजले होते, पण कॅनडातल्या सस्काचेवानच्या डिसेंबरात चार म्हणजे दिवेलागण. पोटात बटाट्याच्या सारणाच्या पेरोगी होत्या आणि मित्राच्या नावानं घेतलेले व्हिस्कीचे तीन पेले.

"रस्ता पायाखालचा आहे," असं पुटपुटत त्यानं ट्रक काढला.

धान्याच्या कोठाराजवळ धुकं दाटलं. दिव्यांचा उजेड चार हातांवर जाऊन विरत होता. तेवढ्यात समोर एक लाल दिवा सावकाश हलला. नाकाबंदी.

त्यानं काच खाली केली. थंडीबरोबर आत उकरलेल्या ओल्या मातीचा वास आला. जमीन तर तीन फूट गोठलेली होती.

"ओरेस्टकाका, फुंका."

तो आवाज त्यानं लगेच ओळखला. लॉर्ना क्वाले. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर एका दारुड्यानं तिला उडवलं होतं. तिच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ओरेस्ट होता. ही पोलीस पोरगी म्हणजे अख्ख्या गावाचा अभिमान. सख्ख्या बापाचा गाडीचा परवाना तिनं दारूपायी तीन दिवस काढून घेतला होता आणि ते तीन दिवस त्याला औषधं, दूध स्वतः नेऊन दिलं होतं. म्हातारा मरेपर्यंत ते कौतुकानं सांगायचा.

"लॉर्ना... पोरी, तू..."

"फुंका, काका."

तिच्यापुढे हुज्जत घालायची हिंमत कुणाची कधी झाली नव्हती. त्यानं नळीत फुंकलं.

"दारू बासष्ट. हद्द चाळीसची, त्याच्या वर आहे. परवाना तीन दिवस बंद, ट्रक इथंच." तिनं नोटीस फाडून दिली. बोटं दिसली नाहीत, फक्त कागद. "चालत जा. आणि हाका मारत जा."

"हाका...? कुणाला?"

लाल दिवा विझला होता.

ओरेस्ट हाका मारत निघाला. पुढच्याच वळणावर धुक्यातून चिमणा आवाज आला, "आम्ही इथं आहोत!"

शाळेची बस आडवी घसरली होती, दिवे बंद. दोन्ही बाजूंच्या चरांत छातीएवढा बर्फ, बसच्या आत धूर. म्हणून चालक मार्लीस नऊ पोरांना घेऊन भर रस्त्यात उभी होती.

"देवासारखे आलात, काका! कुणी गाडी घेऊन आलं असतं तर..."

ओरेस्ट बर्फात मटकन बसला आणि हमसून हमसून रडला.

ओरेस्टची नोटीस लॉर्नाच्या पुस्तकातली निघाली, म्हणून दुसऱ्या सकाळी तरुण शिपाई रीस गुडरिज यानं त्याला चौकीत बोलावलं. लॉर्नाचं नोटिसांचं पुस्तक अपघाताचा पुरावा म्हणून मोहरबंद पिशवीत होतं. मोहर शाबूत होती. रीसनं ती फोडली.

शेवटच्या फाडलेल्या नोटिशीची निळी प्रत आत होती. ओरेस्टचं नाव, कालची तारीख, बासष्ट. तेच तिचं नेटकं अक्षर.

ओरेस्टनं टोपी काढली. "पोरगी अजून कामावर आहे," तो म्हणाला. "असं माणूस पुन्हा होणे नाही."

"हो..." रीसनं पान उलटलं, आणि त्याचा हात तिथंच थांबला.

पुढचं पानही भरलेलं होतं. येत्या मंगळवारची तारीख, सकाळचे नऊ. चालकाचं नाव, रीस गुडरिज.

"काय रे? काय झालं?"

"मी तर... मी तर पीतसुद्धा नाही, काका."

आकड्याची जागा तेवढी कोरी होती. "दारूसाठी नाही थांबवणार ती, पोरा," ओरेस्ट म्हणाला, "पुढं रस्त्यात कुणीतरी असेल."